सूपभर कोंड्याला घेतलेला

भात कांडलं की आधी तूस निघतं. ते खरखरीत, त्याला जनावरही तोंड लावत नाही. चुलीत जातं, नाहीतर उकिरड्यावर. मग तांदळाच्या अंगालगतचा तांबूस थर सुटतो, हाताला पिठासारखा लागतो, तो कोंडा. कोंबड्यांपुढं टाकायचा, म्हशीच्या आंबोणात कालवायचा. वाईट सालात माणसांनीही तो भाकरीत थापून खाल्लेला आहे, पण ते कोणी बोलून दाखवत नाही.

शेणव्याच्या पुढं, ओढ्याच्या वळणावर आवळवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या नथूच्या घरात जन्मलेल्या पोराला पहिली अंघोळ पाण्याची नि दुसरी ह्या कोंड्याची झाली. नथूच्या बायकोची, राहीची, आधीची तीन लेकरं पाळण्याला हात लागायच्या आत गेली होती. चौथ्याच्या वेळी सुईणीनं नाळ कापली आणि बजावलं, "राही, ह्याला आपला म्हनू नको. विकून टाक."

विकायचा म्हणजे रीतीनं. घेणारीशी रक्ताचं नातं नसावं, आणि किंमत अशी असावी की वरून बघणाऱ्या मरणाला वाटावं, ह्या घरात नेण्यासारखं काही नाही, नुसता कोंडा आहे. कुडाच्या पलीकडं अंबूबाई राहायची. लग्नाला चार पावसाळे झाले नि नवरा गेला, मूलबाळ नाही. ती सूपभर कोंडा घेऊन आली. पोराला आधी त्या सुपात लोळवलं, मग कोंडा राहीच्या पदरात ओतला नि पोर उचललं. आपल्या घरी नेलं, उंबऱ्याला त्याचं डोकं टेकवलं, चुलीभोवती फिरवलं आणि परत आणून राहीच्या मांडीवर ठेवलं.

"घे. माझं लेकरू हाय. दूध पाज नि सांभाळ."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. राही रडली. पोराचं नाव अर्थातच कोंडू पडलं.

पोर जगलं. इतकं जगलं की दुसऱ्यांच्या कैऱ्या पाडायला लागलं. राहीनं रीत कधी मोडली नाही. कोणी विचारलं, "तुजा का गो हा?" तर म्हणायची, "नाय बाय, अंबूवयनीचा." पोर कुशीत शिरायला आलं तरी आधी इकडंतिकडं बघायची. कोंडू एकीला आई म्हणायचा, दुसरीला बाय. आईकडं मार मिळायचा, बायकडं अंडं.

शाळेत मात्र नावानं छळलं. पोरं त्याचं डोकं खाजवून बघायची, कोंडा पडतो का म्हणून. चावडीमागं मोकाट गुरं अडकवायचा कोंडवाडा होता; तिथून जाताना म्हणायची, "कोंड्या, तुजा वाडा आला रे, शीर आत!" एकदा तो रडत घरी निघाला तेव्हा गुरुजींनी हाताला धरून बसवला. देशावरचे गुरुजी होते, तपकीर ओढायचे.

"बघ, जुन्या भाषेत तांदळाच्या कोंड्याला कुंडक म्हणत. तिथून कोंडा. नि पाण्याच्या खोल खळग्याला कुंड. तुमच्या ओढ्यात तो खोल डोह आहे, त्याला तुम्ही काय म्हणता?"

"कोंड."

"तो तिथला. आता गुरं कोंडतात ते कोंडणं कुठलं? त्याच कुळातलं असावं. चारी बाजूंनी बंद, ते कोंडलेलं. पण छातीवर हात ठेवून मी नाही सांगणार. शब्द लांबून चालत येतात रे, वाटेत एकमेकांचे सदरे घालतात. तुझं नाव कोंड्यातलं आहे, कोंडण्यातलं नव्हे. चिडवलं कोणी तर सांग."

कोंडूनं दुसऱ्या दिवशी सांगून बघितलं. पोरांनी आणखी चिडवलं.

सातवीनंतर तो शेतावर राबला, मग आसनगावच्या एका कंपनीत लागला. विजेच्या पेट्यांना पत्रे जोडायचं काम. सकाळी शेणव्याहून जीप, संध्याकाळी शेवटची जीप परत. कंपनीत दक्षिण कोकणातला एक फिटर होता. त्यानं नाव ऐकलं नि म्हणाला, "आमच्याकडं कोंड म्हणजे वस्ती. चारपाच घरं, एक विहीर, मधे देऊळ. आमचा पत्ताच कोंडाचा." हा अर्थ कोंडूला फार आवडला. आपल्या नावात घरं आहेत, विहीर आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

एक्क्याण्णव साली त्याचं लग्न ठरलं. मुरबाडच्या पलीकडं, माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे आहे, तिथली प्रेमा. आता विकलेल्या पोराचं लग्न असलं की हळदीआधी त्याला सोडवून घ्यावं लागतं. आईनं सूपभर कोंडा घेणारणीच्या पदरात परत ओतायचा, लुगडंचोळी द्यायची, नि घेणारणीनं म्हणायचं, "सोडला." तेवढं झालं की पोर आपलं. न सोडवता राहिलं, तर ते तिचंच. तिच्या उंबऱ्यापासून लांब गेलं की ते थांबलेलं मरण पुन्हा वाट शोधत येतं, असं जुनी माणसं सांगायची.

मांडव पडला, हळद वाटून झाली, आणि राहीच्या ध्यानात आलं की घरात कोंडा नाही. कुठून असणार? उखळ केव्हाच कोंबड्यांच्या पाण्याला लागलं होतं. भात शेणव्याच्या गिरणीत जायचं आणि कोंडा गिरणीवालाच ठेवून घ्यायचा. राहीनं बाळीला पिटाळलं. बाळी म्हणजे अंबूबाईच्या पुतण्याची, कुंडलिकची बायको. पायाला चाकं लावल्यासारखी धावणारी. बाळी गेली काय नि सूप भरून आली काय. राहीनं कुठून आणलास विचारलं नाही. तिनं तो अंबूबाईच्या पदरात ओतला, अंबूबाई "सोडला" म्हणाली, वाजंत्री वाजली.

तीन वर्षांनी राही गेली. नथू आधीच गेला होता. कोंडूला तोवर मुलगी झाली होती, मनस्वी. नाव प्रेमानं ठेवलं. ती म्हणाली होती, "ह्या घरात एकाचं नाव भुश्याचं हाय तेवढं पुरे."

प्रेमा सत्त्याण्णव सालापासून एकच धोशा लावून बसली. आसनगावला खोली घ्यायची. नवरा पहाटे जातो नि दिवेलागणीनंतर येतो, मुलगी बापाला फक्त झोपलेला बघते, शाळा चार वर्गांची नि मास्तर एक. कोंडूचंही मन तिकडंच होतं. कंपनीच्या मागं एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. सामान बांधलं.

निघायच्या आदल्या दुपारी बायका अंगणात जमल्या. प्रेमा अंबूबाईचे पाय चेपत होती. बाळी डबे गुंडाळता गुंडाळता मोठ्यानं हसली.

"आठवतं का गो आत्ये, कोंडूभावजींच्या हळदीला किती पळापळ! साऱ्या गावात कोंडा नाय. मग मी काय केलं, तुमच्याच कणगीमागचं मडकं उपसलं. तुमी तेवढ्या एकट्या घरी कांडत होत्या. तुमच्या कोंबड्यांचा कोंडा तुमच्याच पदरात!"

हसणारं दुसरं कोणी नव्हतं. बाळीच्याही तोंडावरचं हसू हळूहळू विझलं.

ओट्यावर गोजरबाबा बसले होते. गावात रीतीभाती त्यांना विचारायची पद्धत होती, आणि कोणी विचारलं नाही तरी ते सांगायचे. म्हणाले, "मग सुटका कुठं झाली? तिचंच तिला दिलं. वानी काय आपल्याच दुकानातला गूळ घेऊन सौदा करतो का?"

कोंडू आतून बाहेर आला. "काय बाबा, ह्या काळात..."

"मी कुठं काय बोलतो? जा ना. जीप तुजी, पाय तुजे."

अंबूबाईनं पाय आखडून घेतले.

ते गेले. खोली छान होती. नळ, दिवा, खिडकीतून कंपनीची चिमणी. पावसाळा सरता सरता कोंडूचे डोळे पिवळे झाले. कावीळ. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, पण अन्न ठरेना, उभा राहिला की भिंत फिरायची. कोणीतरी त्याला आवळवाडीला आणला, मुळीच्या औषधासाठी. अंबूबाईनं आपल्या ओट्यावर त्याची वाकळ घातली. ताक पाजलं, पेज पाजली, डोळ्यांवर ओला फडका ठेवून बसून राहिली. महिन्यानं तो उठला तेव्हा गावातल्या प्रत्येक माणसाला त्याच्याकडं बघून एकच गोष्ट आठवत होती, आणि ती न बोलण्याइतका शहाणपणा फक्त अंबूबाईकडं होता.

"नळाचं पाणी खराब व्हतं," प्रेमा म्हणाली. "आमच्या इमारतीत चार जणांना झाली. त्यांना कोणी विकलेलं का?"

"मी कुठं काय म्हनतो?"

"मग चला."

"जरा ताकद येऊ दे."

ताकद आली. कोंडू कामावर जाऊ लागला, पण रात्री मुक्कामाला खोलीवर राहायचं म्हटलं की काहीतरी कारण काढून आवळवाडीला परतायचा. त्याचा विश्वास नव्हता, असं तो शपथेवर सांगायचा. विश्वास नसलेली भीती फार चिवट असते; तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती काही म्हणतच नाही. आणि त्याला तीन भावंडं आठवायची, ज्यांना त्यानं बघितलंही नव्हतं.

मनस्वीची शाळा सुरू झाली होती, म्हणून प्रेमा खोलीवर राहिली. पुढली काही वर्षं ह्या संसाराची घडी अशी: कोंडू सकाळी जीपनं आसनगावला यायचा. जेवणाच्या सुट्टीत खोलीवर जायचा, बायकोच्या हातचं गरम जेवायचा, मुलीच्या वहीवर सही करायचा. भोंगा झाला की परत कामावर. संध्याकाळी सुटला की इमारतीखाली उभा राहून मनस्वीला हाक मारायचा, ती खिडकीतून हात हलवायची, आणि तो शेवटची जीप धरायला पळायचा. शेजारणी प्रेमाला विचारायच्या, "तुमचे हे नाइटला असतात का?" मनस्वीनं शाळेत 'माझे कुटुंब' निबंधात लिहिलं, माझे वडील दुपारी येतात.

चैत्रात ओढा आटायचा तेव्हा कोंडू कधी कधी त्या कोंडावर जाऊन बसायचा. वरचं पाणी थांबलेलं, खालचं पाणी थांबलेलं, आणि मधल्या त्या खोल डोहात मासे. पाणी होतं म्हणून जिवंत. पोरं टोपल्या घेऊन उतरायची नि हातानं उचलायची. तो उठून घरी यायचा.

एकदा त्यानं धीर केला. अंबूबाई अंगणात उखळापाशी बसून सुपानं पाखडत होती. साऱ्या गावात तीच एकटी अजून घरी कांडायची; गिरणीच्या तांदळाला वास नसतो म्हणायची. कोंडू उकिडवा बसला.

"बाय, एक मागतो."

"चहा? ठेवते."

"चहा नको. मला सोड."

सूप थांबलं.

"आई तर राहिली नाय परत द्यायला. पन तू नुसतं तोंडानं म्हन. सोडला म्हन. माझी पोर मोठी व्हायला लागली, बाय. तिला मी पावन्यासारखा वाटतो."

अंबूबाईनं सुपातला एक खडा वेचून लांब टाकला. मग म्हणाली, "नाय सोडत."

त्याला वाटलं चेष्टा आहे. तो हसला.

"हसतोस काय रे? तुला घेतला तेव्हा पन साऱ्या बाया हसल्या. राही रडली ती पन खोटीखोटी, तिला ठावं व्हतं पोर तिच्याच घरात वाढनार. मी एकटीच व्हते तिथं, जिला गंमत वाटली नाय. मी तुला खरंच घेतला, कोंडू. रीत म्हनून नाय. उंबऱ्याला तुजं डोकं टेकवलं तवा माझ्या छातीत काय झालं ते मी कोनाला सांगितलं नाय. हळदीला सोडला म्हनले, नि आत जाऊन तोंडात पदर कोंबून बसले. मग बाळीनं त्या दिवशी सांगितलं, कोंडा माझाच व्हता. मला देव पावल्यासारखं झालं."

"मी कुठं पळून चाललोय? येत जाईन की."

"सारे येत जाईन म्हनतात. कुंडलिक म्हनतो, काकी मी हाय ना. त्याचा डोळा कुठं हाय ते आंधळ्याला दिसेल. माझ्या तोंडात पानी कोन घालील?" तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. "तुजा इश्वास नसेल तर जा. मी दावं थोडंच बांधलंय?"

हेच तर होतं. दावं असतं तर तोडता आलं असतं.

प्रेमाला हे त्यानं सांगितलं नाही. तिनं ते त्याच्या जेवणावरून ओळखलं.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर ती माहेरी गेली आणि वैशाखऱ्याहून थेट आवळवाडीला उतरली. मनस्वी एका हाताला, डोक्यावर फडक्यात बांधलेलं सूप. माहेरच्या शेतातलं भात तिनं नि तिच्या आईनं घरी कांडलं होतं. तिच्या तळहातांना मुसळाचे फोड होते. गोजरबाबांना तिनं वाटेतच उठवून बरोबर घेतलं. बाळी बोलावल्याशिवाय आली.

"आत्ये, पदर पसरा."

अंबूबाई उंबऱ्यात बसली होती. "कशाला?"

"आमच्या घरची चूल आता माझी. सासूच्या जागी मी. सूपभर कोंडा आनलाय. ह्यातला एक कन तुमचा नाय, ते बाबांच्या समोर सांगते. पसरा."

"नाय पसरत."

"माझा नवरा हाय तो!"

"माझं लेकरू हाय."

"लेकरू! पस्तिशी गाठली लेकरानं, कानावर केस पिकले. तुमी त्याला मेल्यावर सोडनार का? तुमच्या मेल्यावर का त्याच्या?"

"प्रेमा!" कोंडू ओरडला. मनस्वी गोजरबाबांच्या मागं लपली.

प्रेमानं सूप उचललं आणि उंबऱ्यावर, अंबूबाईच्या पायांशी उपडं केलं. कोंड्याचा ढग उठला. आणि कोणी काही बोलायच्या आत कुडाखालून, खुराड्यातून, पेंढ्यामागून अंबूबाईच्या सगळ्या कोंबड्या पंख पसरून धावल्या नि चोची मारायला लागल्या.

सगळे बघत राहिले. बाळीच्या तोंडून निघालंच, "आता गो?"

गोजरबाबांनी घसा साफ केला. "कोंबड्या कोनाच्या?"

"आत्येच्या," प्रेमा म्हणाली.

"मग अंबूच्या घरानं कोंडा घेतला. पोटात गेला. परत मागता येत नाय. सुटला कोंडू."

"बाबा, म्हातारचळ लागला का तुमाला?" अंबूबाई उठली. "कोंबड्या कोंबड्या हायत, मी मी हाय! हुश्श! हुश्श गो रांडांनो!" तिनं कोंबड्या हाकलल्या, केरसुणी घेतली, आणि गुडघ्यांवर बसून तो सांडलेला कोंडा गोळा करायला लागली. धुळीतून, सारवणातून, कोंबड्यांच्या शिटीतून. बोटांनी चिमटीत धरून सुपात टाकत होती. "घे तुजा. सगळा घे. माझ्याकडं एक कन ठेवू नको." सूप भरेना. कोंडा मातीत गेला की कोंडा राहत नाही. तरी ती उंबऱ्याच्या फटीत नखं घालून उकरत होती.

कोंडू पुढं झाला नि तिच्याजवळ बसून तोही वेचायला लागला.

प्रेमानं ते बघितलं. ती मनस्वीचा हात धरून वळली, कुडापर्यंत गेली, थांबली. परत आली तेव्हा तिचा राग निम्मा उतरला होता आणि त्याच्या जागी काय आलं ते तिलाही कळलं नसावं.

"उठा आत्ये. पुरे. चला."

"कुठं?"

"आसनगावला. आमच्यात. सोडू नका त्याला, धरूनच चला. तुमी जिथं, तिथं तुमचा उंबरा."

अंबूबाईनं मान वर केली. नाकाच्या शेंड्याला कोंडा लागला होता. बराच वेळ ती कोंडूकडं, मग त्या मुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोंबड्या कोन बघील?"

"मी बघते की!" बाळी घाईनं म्हणाली.

अशी ती आली. पहिले काही महिने कोंडूच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. संध्याकाळी पळायचं नव्हतं. मुलीला पाढे विचारायचे, मुलगी त्यालाच उलट चुकवायची. अंबूबाई खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवायची. कोंडू रात्री मधेच जागा व्हायचा, सगळे जण मोजायचा नि झोपायचा.

पण पहिल्या मजल्यावर अंगण नसतं. भिंतीला टेकून बसावं तर थंड फरशी, दारात बसावं तर शेजारीण म्हणे, आजी, जिना मोकळा ठेवा. पावसाळ्यात भाताची लावणी सुरू झाली असेल ह्या विचारानं ती येरझारा घालायला लागली, आणि त्या येरझारांतून केव्हातरी तिच्या डोक्यातला एक धागा सुटला. ती विचारायची, "जीप कधी हाय?" एके दुपारी जीपथांब्यावर सापडली, ड्रायव्हरला सांगत होती, "मला उंबऱ्याशी सोड, राहीच्या घराला लागून." दुसऱ्यांदा सापडली ती नाशिकच्या हायवेवर, ट्रकांच्या मधे, पदर पसरून उभी. एका ट्रकवाल्यानं तिला उचलून कडेला आणली म्हणून वाचली.

"गावाला नेऊन ठेवू या," कोंडू म्हणाला.

"कोनाकडं?" प्रेमानं विचारलं. कुंडलिकनं अंबूबाईच्या घराचे वासे काढून आपल्या गोठ्याला लावले होते, हे दोघांनाही माहीत होतं. प्रेमा आता शाळेत खिचडी शिजवायला जायची, मनस्वी शाळेत, कोंडूची पाळी सकाळची. दुपारपर्यंत घरात कोणी नाही.

आधी शेजारणीला सांगून बघितलं. मग दाराशी खुर्ची आडवी लावून बघितली. मग एका सकाळी, प्रेमा नि मनस्वी पुढं गेल्यावर, कोंडूनं अंबूबाईला पेज दिली, तोंड पुसलं, बाहेर आला नि कडी लावली. कडीचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा झाला.

"कोंडू?" आतून हाक आली. आज आवाज स्वच्छ होता, जुना होता. "भायेर कोन हाय रे?"

"मी हाय बाय."

"मग आत ये ना."

"कामाला जातो."

"बरं." मग दार आतून हललं. "कडी कोनी लावली?"

"वाऱ्यानं लागली असेल."

"मग काढ."

कंपनीचा पहिला भोंगा झाला. कोंडूचा हात कडीवर होता. लोखंड गार होतं. हायवेवरचे ट्रक इथपर्यंत ऐकू येत होते.

"दुपारी काढतो, बाय."

तिनं दार वाजवलं नाही, ओरडली नाही. त्याला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर त्यानं कदाचित काढली असती. तो एकेक पायरी उतरला, रस्त्यावर आला, नि वर बघायचं नाही म्हणून मान खाली घालून चालायला लागला.

"कोंडू!" खिडकीतून हाक आलीच. "डबा घेतलास का रे?"

त्याचे दोन्ही हात रिकामे होते. डबा वरच चुलीशी राहिला होता.

"घेतला!" तो ओरडला, आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत कंपनीच्या गेटाकडं पळाला.